इस्पितळातून गावात, पण कोणाच्या गावात?



आपल्या नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात माणूस मनाने आजारी पडला की लोकांना दोनच वाटा सुचतात. एक भगताकडे, दुसरी येरवड्याला. महाराष्ट्रात प्रादेशिक मनोरुग्णालये चारच : येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. नगरपासून येरवडा सुमारे १२० किलोमीटर. जामखेड-अकोल्याच्या मजुराने रोजगार बुडवून तिथे किती खेपा घालायच्या? औषध सुटते, आजार उलटतो आणि एक दिवस घरचे लोक माणसाला परत आणायलाच जात नाहीत.

ही व्यवस्था आली कुठून? इंग्रजांनी १८५८ मध्ये वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा केला, १९१२ मध्ये दुसरा. दोन्हींचा भर उपचारापेक्षा कोंडून ठेवण्यावर होता. स्वतंत्र भारतात १९१२ चाच कायदा पुढे कित्येक दशके चालला. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. कर्नाटकातील बेल्लारी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर आणि कर्मचारी यांना प्रशिक्षण देऊन उपचार गावाजवळ नेता येतात हे दिसले. त्याच धर्तीवर १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. तरी ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधलेली २८ माणसे पळू शकली नाहीत. ती जळून मेली.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळ्यांवर बंदी घातली. त्याचे कलम १९ प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावे असे आहे. कुटुंब स्वीकारत नाही, घर नाही किंवा गावात सोय नाही, एवढ्याच कारणाने कोणालाही मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही. समाजात राहणे हा त्याचा हक्क आहे.

आमचा प्रश्न इथूनच सुरू होतो. समाजात म्हणजे कोणाच्या समाजात?

अमेरिकेने १९६३ मध्ये सामुदायिक केंद्रांचा कायदा केला. पुढे इस्पितळे रिकामी झाली, पण केंद्रे पुरेशी उभी राहिली नाहीत. कित्येक आजारी माणसे रस्त्यावर आणि तुरुंगात पोहोचली. आपल्याकडे तर गावच जातीने दुभंगलेले आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी गावाचे गोडवे गाणाऱ्यांना सडेतोड उत्तर दिले होते. 'समुदाय' हा गोंडस शब्द ऐकला की आम्हाला ते भाषण आठवते. ज्या गावात आपल्या माणसाला पाणवठ्यावर मान नाही, तिथे मनाने खचलेल्या आपल्या बाईला कोण सांभाळणार?

याचे एक उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केले. त्यांत कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या. सवर्णांच्या घरातली बाळंतिणही त्यांच्याच हातात आली. बोअरवेल दलित वस्तीत घेतल्या गेल्या, म्हणजे पाण्यासाठी गावाने वस्तीत यावे. जात न हलवता आरोग्य हलत नाही, हे तिथे ओळखले गेले.

तरीही भाबडे राहून चालणार नाही. याच जामखेड तालुक्यातील खर्ड्यात २८ एप्रिल २०१४ रोजी १७ वर्षांच्या दलित मुलाचा खून झाला. २०१७ मध्ये सत्र न्यायालयात आरोपी निर्दोष सुटले. अशा घटनेनंतर मोर्चे निघतात, नेते येतात, मदतीचा धनादेश येतो. महिनाभराने वस्तीत जा : माणसांची झोप उडालेली असते, पोरे शाळेत जायला घाबरतात. त्यांच्याशी बोलायला कोणी येत नाही. ती भीती त्यांच्या डोक्यातला बिघाड नाही, ती जातीने केलेली जखम आहे. म्हणून तिला गोळी आणि न्याय, दोन्ही लागतात.

इस्पितळाच्या भिंती पाडायला आमचा पाठिंबा आहे. पण वस्तीबाहेरची भिंत तशीच ठेवून नव्हे. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात औषधे नियमित मिळाली पाहिजेत. आशाताईंना प्रशिक्षण आणि त्याचा मोबदला मिळाला पाहिजे. अत्याचारानंतर समुपदेशक वस्तीत गेला पाहिजे आणि या कामात आपल्या मुली-मुलांची भरती झाली पाहिजे. अॅट्रॉसिटी कायद्याचे कलम १५-अ पीडितांच्या सामाजिक-आर्थिक पुनर्वसनाचा हक्क देते. पुढच्या निवेदनात त्याच्या शेजारी कलम १९ लिहा.

आणि एक काम सरकारचे नाही, आपले आहे. विहारात येणारा एखादा भाऊ चार रविवार दिसला नाही, तर त्याच्या घरी जाऊन या.

जयभीम! नमो बुद्धाय!