वरसईचा प्रवासी

देशाटनानें मनुष्य शहाणा होतो, ही समजूत आपल्याकडे जुनी आहे. परंतु नुसतीं गांवें मोजीत फिरल्यानें शहाणपण येत असतें, तर टपालाच्या थैलीइतकें शहाणें जगांत कोणीच नसतें. तरुण मनाला प्रवास खरोखर काय देतो, हें पाहावयाचें झाल्यास विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथाइतकें बोलकें उदाहरण मराठींत क्वचितच सांपडेल.

विष्णुभट हे पेणजवळच्या वरसई गांवचे, भिक्षुक घराण्यांतले. इ. स. १८५७ मध्यें त्यांचें वय तिशीच्या आसपास होतें. घरावर कर्ज होतें, आणि तें फिटण्याची वाट दिसत नव्हती. अशा वेळीं बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असल्याची वार्ता कोंकणांत येऊन पोंचली. तेथें दक्षिणा मिळेल, कर्जाचा भार हलका होईल, या हिशेबानें विष्णुभट आपले चुलते रामभट यांच्यासह उत्तरेकडे निघाले. हा प्रवास हौसेचा नव्हता. त्याच्या मुळाशीं जबाबदारीच होती. मात्र ती एका घरापुरती होती.

महूच्या आसपास शिपायांच्या तोंडून बंडाची वार्ता कानीं आली, तरी चुलते-पुतणे पुढेंच गेले. ग्वाल्हेर पाहून ते झांशीस पोंचले. १८५८ च्या मार्च महिन्यांत सर ह्यू रोज याच्या फौजेनें झांशीस वेढा दिला, तेव्हां दोघेही शहरांतच होते. एप्रिलच्या आरंभीं शहर पडलें. त्यानंतरची कत्तल आणि लूट त्यांनीं लपूनछपून, उपासमार सोशीत, जीव मुठींत धरून पाहिली. गांठीचा पैसा गेला. राजवाड्यांतील मौल्यवान पुस्तकालयाचा नाश झाला. ज्याचें सारें जीवन पोथीवर उभें, त्या ब्राह्मणाला हा घाव स्वतःच्या लुटीहून कमी लागला नसावा.

पुढें काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशीं त्यांना राणी लक्ष्मीबाई दिसल्या. अंगावर पुरुषी पोषाख, सर्वांग धुळीनें भरलेलें, तहानेनें जीव व्याकुळ. विष्णुभट पाणी काढण्यास पुढें झाले. तेव्हां, आपण विद्वान ब्राह्मण आहांत, हें काम आपण करूं नये, अशा अर्थाचें बोलून राणींनीं स्वतःच पाणी शेंदलें. राज्य गेलेलें, पाठीवर शत्रु, आणि तरीही दुसऱ्याचा मान राखण्याचें भान सुटलेलें नाहीं, हें त्या भिक्षुकानें डोळ्यांनीं पाहिलें.

मग विष्णुभटांची दृष्टि पालटली काय? त्यांचें सोंवळेंओंवळें, जातिधर्माविषयींच्या त्यांच्या कल्पना बहुतांशीं होत्या तशाच राहिल्या. बाजारांतल्या कित्येक आवया त्यांनीं खऱ्या मानल्या. म्हणून ग्रंथांतला ऐकीव भाग इतिहासकाराला पारखूनच घ्यावा लागतो. पालट झाला तो निराळ्या ठिकाणीं. दक्षिणेचा हिशेब मनांत धरून निघालेला मनुष्य परक्या शहराच्या दुःखाचा हिशेब मनांत ठेवूं लागला. प्रवासानें मतें बदलतातच असें नाहीं. पण आपलें कोण, याची मर्यादा रुंदावते, आणि जबाबदारीचा खरा उगम तेथेंच आहे.

१८५९ मध्यें विष्णुभट घरीं परतले. द्रव्य वाटेंत लुटलें गेलें होतें. पण गंगेची कावड मात्र त्यांनीं कोंकणापर्यंत आणली आणि आईबापांना त्या पाण्यानें स्नान घातलें. घराचें ऋण रुपयांत फिटलें नाहीं, तें या पाण्यानें फेडण्याची धडपड त्यांनीं केली. राहिलें तें दुसरें ऋण, पाहिलेल्या माणसांचें. तें फिटण्यास पुष्कळ काळ लागला. चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून सुमारें पंचवीस वर्षांनीं विष्णुभटांनीं आपली हकीगत लिहून काढली. वैद्यांनीं आपला हात फिरवून ती लेखकाच्या निधनानंतर १९०७ मध्यें प्रसिद्ध केली. आणि मूळ बखरीबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदार यांनीं १९६६ मध्यें छापला. बंडाच्या बहुतेक हकीगती सरकारी कागदांतून आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या लेखणींतून आल्या. वेढ्यांत सांपडलेल्या सामान्य रहिवाशांचे हाल मराठींत सांगणारा हा भिक्षुक नसता, तर त्यांतलें पुष्कळसें त्या लोकांबरोबरच नाहींसें झालें असतें.

आज मुलें शिक्षणासाठीं, नोकरीसाठीं, हौसेसाठीं विष्णुभटांच्या स्वप्नांतही न आलेल्या मुलुखांत जातात, आणि तीं परतलीं म्हणजे काय आणलेंस, असें आपण कौतुकानें विचारतों. हा प्रश्न विष्णुभटांनाही वरसईंत कोणीतरी विचारलाच असेल, आणि त्यांची थैली रिकामी होती. म्हणून त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न घरोघर विचारला जावा: तेथें कोणाचें सुखदुःख पाहिलेंस, आणि तें आम्हांला केव्हां सांगणार?