बहुफलकाच्या कडा : मोजणीची सूत्रे

सपाट पृष्ठांनी चहूबाजूंनी बंद झालेली घनाकृती म्हणजे बहुफलक. त्याची दोन पृष्ठे जिथे मिळतात, तो रेषाखंड म्हणजे कड. आकृती गुंतागुंतीची झाली की बोट फिरवून कडा मोजण्यात घोळ होतो; कोणती मोजली, कोणती राहिली, याचा पत्ता लागत नाही.

खडूचा खोका घ्या. त्याला ६ आयताकृती पृष्ठे, प्रत्येकाला ४ बाजू, म्हणजे एकूण २४ बाजू. कडा मात्र १२च, कारण प्रत्येक कड शेजारच्या दोन पृष्ठांच्या सामाईक भिंतीसारखी असते आणि दोन्हींच्या हिशेबात येते. म्हणून सर्व पृष्ठांच्या बाजूंची बेरीज करून निम्मी केली की कडा मिळतात. कोपऱ्यांकडून आले तरी तेच: ८ शिरोबिंदू, प्रत्येकाशी ३ कडा, २४चे निम्मे १२.

या निम्म्याच्या नियमाची खरी ताकद जुन्या काळ्या-पांढऱ्या फुटबॉलवर दिसते. त्यात १२ पंचकोनी आणि २० षटकोनी तुकडे असतात. ६० आणि १२० मिळून १८० बाजू, म्हणून शिवणी ९०. एकही शिवण न मोजता! १९८५ मध्ये सापडलेल्या ६० कार्बन अणूंच्या रेणूची बांधणी हीच असल्याने त्यात अणूंना जोडणारे बंधही ९०च आहेत.

याच नियमाने, तळाला जितक्या बाजू, त्याच्या तिप्पट कडा चितीला (प्रिझमला) आणि दुप्पट सूचीला (पिरॅमिडला) असतात.

ग्रीकांनी बहुफलकांचा खोल अभ्यास केला होता; पण कडेला स्वतंत्र नाव देऊन तिला मोजणीत मानाचे स्थान दिले ते लिओनार्ड ऑयलरने. त्यासाठी त्याने धार या अर्थाचा लॅटिन शब्द वापरला. १४ नोव्हेंबर १७५० रोजी बर्लिनहून गणितज्ञ गोल्डबाखला लिहिलेल्या पत्रात त्याने सूत्र कळवले : शिरोबिंदू + पृष्ठे = कडा + २. त्याची स्वतःची सिद्धता अपुरी ठरली. निर्दोष सिद्धता फ्रेंच गणितज्ञ लजांद्रने १७९४ मध्ये दिली.

दोन्ही नियम एकत्र आले की काही आकृत्या अशक्य ठरतात. ७ कडांचे बहुफलक बनवून पाहा. बाजूंची बेरीज १४. प्रत्येक पृष्ठाला किमान ३ बाजू लागतात, म्हणून पृष्ठे फार तर ४. तसेच शिरोबिंदूही फार तर ४. दोन्ही मिळून ८, तर ऑयलरला हवेत ९. सहा कडांचे आहे, आठांचे आहे, सातांचे नाही.

ऑयलरचे सूत्र आरपार भोक नसलेल्या आकृतींपुरतेच आहे. चार पट्ट्या कोपऱ्यांत तिरक्या कापून जोडलेल्या जाड लाकडी चौकटीला १६ शिरोबिंदू आणि १६ चौकोनी पृष्ठे असतात. ऑयलरच्या हिशेबाने कडा ३० याव्यात. निम्म्याचा नियम ३२ सांगतो, आणि चौकटीवर बोट ठेवून मोजल्या तरी त्या ३२च भरतात.