सप्ताह आणि स्नेहसंमेलन



चैत्र लागतो त्या वेळी आपल्या गावातील महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनाचा मंडप उतरून काही दिवस झालेले असतात. विद्यार्थी परीक्षेच्या काळजीत असतात आणि आपण वडीलधारी मंडळी या व्याख्यानांना येऊन बसतो. त्या मंडपात आठवडाभर काय चालले होते हे आपल्यापैकी फारच थोड्यांनी पाहिलेले असते. लांबून ध्वनिक्षेपकाचा आवाज ऐकावयाचा, ‘पोरांचे गॅदरिंग चालले आहे’ असे म्हणावयाचे आणि खिडकी लावून घ्यावयाची, एवढाच आपला त्याच्याशी संबंध उरला आहे. आज मी या आठवड्याचाच थोडा इतिहास आपल्यापुढे मांडणार आहे. तो ऐकल्यावर खिडकी लावून घेणे आपल्याला थोडे जड जावे, अशी माझी इच्छा आहे.

गॅदरिंग हा शब्दच इंग्रजी. तेव्हा ही चालही पुण्या-मुंबईच्या इंग्रजी महाविद्यालयांतून आली असावी, असे आपण धरून चालतो. हे म्हणणे चुकीचे नाही, पण अपुरे आहे. रोपटे बाहेरून आले हे खरे. परंतु ते आपल्या मातीत इतक्या लवकर रुजले याचे कारण मातीतच शोधावे लागेल. काही दिवस रोजचा उद्योग बाजूला ठेवून सर्वांनी एकत्र येण्याची सवय या जिल्ह्याला महाविद्यालये निघण्यापूर्वी कितीतरी शतके होती.

प्रथम तुळजापूरच घ्या. भाद्रपद वद्य अष्टमीला भवानीची मंचकी निद्रा सुरू होते, घटस्थापनेला देवी सिंहासनावर येते, दसऱ्याच्या पहाटे सीमोल्लंघन होते आणि मग आश्विन पौर्णिमेपर्यंत पुन्हा श्रमनिद्रा. सीमोल्लंघनासाठी पालखी आणि निद्रेसाठी पलंग अहिल्यानगरकडून, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरकडून, येतो. नवरात्रात देवीच्या अलंकार महापूजा बांधतात : रथ, मुरली, शेषशाही, भवानी तलवार, महिषासुरमर्दिनी. एकच मूर्ती दररोज निराळ्या रूपात दिसते. भाविक तिच्याकडे भक्तीने पाहतो, यात शंका नाही. पण आज देवी कोणत्या रूपात आहे ही उत्सुकताही त्याच्या मनात असतेच. भक्ती आणि कुतूहल यांची ही जोडगोळी आपल्याकडील सर्व करमणुकीच्या मुळाशी आहे.

देवीच्या मागोमाग तिचे गोंधळी येतात. पाटावर वस्त्र घालून चौक मांडतात, कलश ठेवतात, दिवटी पेटवतात. संबळ आणि तुणतुणे वाजू लागले की नायक गावोगावच्या देवदेवतांना नावानिशी आमंत्रण देतो. येथपर्यंत ती पूजा आहे. पुढे आख्यान लागते. नायक कथा सांगतो आणि साथीदार मध्येच भाबडी शंका विचारून लोकांना हसवतो. येथे पूजेचे नाटक होते, आणि पहाटेच्या आरतीबरोबर नाटकाची पुन्हा पूजा होते. अंगणातील त्या चार हात जागेत गायन, वादन, अभिनय आणि विनोद या चारही गोष्टी असतात. आज विद्यापीठीय युवक महोत्सवात लोककलांचा जो वेगळा विभाग असतो, त्याचे सारे सामान आपल्या आजोबांच्या लग्नघरी एका रात्रीत मांडले जात असे.

तथापि माझ्या मते स्नेहसंमेलनाचा खरा पूर्वज गोंधळ नव्हे. गोंधळ एका रात्रीचा असतो. सात दिवसांचा हिशेब आपल्याला वारकऱ्यांनी शिकवला. संत गोरोबाकाकांचे तेर याच जिल्ह्यातले. समर्थशिष्य कल्याणस्वामींचा मठ परंड्याजवळच्या डोमगावचा. तो संप्रदाय निराळा, पण कीर्तनाचे प्रेम तेच. या मुलुखात अखंड हरिनाम सप्ताह झाला नाही असे गाव शोधून सापडणे कठीण. त्याचा कार्यक्रम आपल्याला पाठ आहे : पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचे पारायण, दुपारी गाथ्यावरील भजन, सायंकाळी प्रवचन आणि हरिपाठ, रात्री कीर्तन, त्यानंतर जागर, आणि समाप्तीला काल्याचे कीर्तन व महाप्रसाद.

आता यापुढे स्नेहसंमेलनाची कार्यक्रमपत्रिका ठेवून पाहा. सकाळी रांगोळी आणि पुष्परचना, दुपारी वक्तृत्व आणि काव्यवाचन, रात्री एकांकिका आणि विविध गुणदर्शन, शेवटच्या दिवशी पारितोषिके आणि स्नेहभोजन. प्रत्येक प्रहराला नेमलेले काम, बाहेरगावाहून बोलावलेला वक्ता आणि अखेरीस एका पंगतीचे जेवण ही सारी घडण सप्ताहाची आहे. ज्या मुलाच्या घराण्यात पहिल्यानेच कोणी पदवीच्या वर्गात बसले, त्याला गॅदरिंग परके वाटले नाही, ते यामुळेच.

सप्ताहातील एका गोष्टीकडे मात्र मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो. ती म्हणजे विण्याचा पहारा. सातही दिवस, रात्रंदिवस, विणा खाली टेकू द्यावयाचा नाही. म्हणून गावकरी पाळीपाळीने तो गळ्यात घालून उभे राहतात. ज्याला गाता येत नाही, वाचता येत नाही, त्यालाही पहाऱ्याची पाळी मिळते. सात दिवसांचा भार असा वाटला गेला, म्हणूनच सप्ताह गावाचा झाला.

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गावाचा म्हणजे सगळ्या गावाचा नव्हे. मंडपाच्या बाहेर उभे राहून कीर्तन ऐकणारे, ज्यांच्या हाती विणा कधीच दिला गेला नाही असे लोक प्रत्येक गावात होते. १९४१ च्या फेब्रुवारीत कसबे तडवळे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदारांची परिषद भरली. बाहेर ठेवलेल्या माणसांनी आता स्वतःचाच मांडव घातला होता. त्या काळच्या आंबेडकरी जलशांनी तमाशाचाच बाज घेतला आणि गण-गवळणीच्या जागी समाजजागृतीचा विषय आणला. करमणुकीचे साधन कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न त्यांनी सर्वांत आधी विचारला.

हाच प्रश्न निजामी राजवटीला दुसऱ्या अंगाने पडला होता. गश्ती निशाण ५३ या हुकमाने सभा-व्याख्यानांना पूर्वपरवानगीची अट घातली होती. चार माणसांनी एकत्र जमून बोलणे हाच जेथे संशयाचा विषय, तेथे लोक कीर्तनात बोलले, गणेशोत्सवाच्या मेळ्यांत बोलले. मेळ्यातील मुले पदे म्हणत, संवाद करीत. वरून सारे गणपतीच्या नावाने, आतून स्वदेशाच्या. ज्या सरकारने व्याख्यान अडवले, त्याला आरती अडवणे सोपे नव्हते.

त्या काळी या जिल्ह्यातील तरुणाला पदवीचे शिक्षण घ्यावयाचे तर घर सोडावे लागे. १९१८ साली हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघाले; तेथे शिक्षणाचे माध्यम उर्दू. सरहद्दीपलीकडे सोलापूर होते, पण तेथील दयानंद महाविद्यालयही १९४० चे. जिल्ह्यात राष्ट्रीय बाण्याचे शिक्षण देण्याचा मोठा प्रयत्न झाला तो १९२१ साली हिप्परगा येथे निघालेल्या राष्ट्रीय शाळेत. स्वामी रामानंद तीर्थांनी तेथे मुख्याध्यापक म्हणून काम केले. १९३८ साली उस्मानियात आणि औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजात विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा हट्ट धरला; त्यांना काढून टाकण्यात आले आणि त्यांतील अनेकांनी नागपूरला जाऊन शिक्षण पुरे केले. एका गाण्यासाठी विद्यार्थ्यांनी वसतिगृह, शिष्यवृत्ती आणि वर्षाचा अभ्यास पणाला लावला, हे आजच्या गायनस्पर्धेतील मुलामुलींना एकदा सांगितले पाहिजे.

१९४८ च्या सप्टेंबरात, १३ पासून १७ तारखेपर्यंतच्या पोलीस कारवाईने, ती राजवट संपली. १९५६ च्या १ नोव्हेंबरला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९५८ च्या २३ ऑगस्टला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले. बारा वर्षांत एवढे बदल पाहिलेला दुसरा प्रदेश महाराष्ट्रात नाही. त्याच सुमारास दिल्लीस नवी कल्पना निघाली होती. १९५४ साली तेथे पहिला आंतरविद्यापीठ युवक महोत्सव भरला. देशभरच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांची गाणी आणि नाचणी पाहावीत असा त्यामागचा हेतू होता. विद्यापीठ झाल्यावर जिल्ह्यात महाविद्यालये वाढली आणि त्यांच्याबरोबर स्नेहसंमेलने आली. मेळ्यात चोरून बोलावे लागत होते, ते आता व्यासपीठावरून मोकळेपणी बोलता येऊ लागले.

या आठवड्याने काय दिले? सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे मुलींना रंगमंच मिळाला. गोंधळात स्त्री नव्हती, मेळ्यात स्त्रीची भूमिका बहुधा मुलगाच करी. महाविद्यालयाच्या एकांकिकेत शेतकऱ्याची मुलगी गावासमोर उभी राहून मोठ्याने बोलली, तेव्हा बाप मागच्या रांगेत मान खाली घालून बसला असेल. पण तो बसला, उठून गेला नाही. दुसरी गोष्ट, ज्यांच्या आजोबांना विण्याचा पहारा मिळाला नव्हता त्यांच्या नातवांनी त्याच मंचावर पोवाडा म्हटला, भाषण केले, बक्षीस घेतले. सप्ताहाला जे साधले नव्हते ते स्नेहसंमेलनाने काही अंशी साधले.

आनंदाचा आठवडा किती नाजूक असतो, हेही या जिल्ह्याने पाहिले आहे. १९९३ च्या सप्टेंबरअखेर गणपती विसर्जन करून, गुलाल धुऊन लोक झोपले होते. ३० तारखेला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. पलीकडे लातूर जिल्ह्यातील किल्लारी, अलीकडे आपले सास्तूर. १९८२ पर्यंत तो सारा टापू एकाच जिल्ह्यात होता. सुमारे दहा हजार माणसे गेली. ज्या तरुणांनी रात्री लेझीम खेळली, ढोल वाजवले, त्यांतील वाचलेले सकाळी हातांनी दगडमाती उपसत होते. असल्या आठवणीनंतर पुन्हा मंडप घालावा की नाही, असे कोणाच्याही मनात यावे. तरी पुढे गणपती पुन्हा बसले, सप्ताह पुन्हा लागले. उत्सव म्हणजे नुसती चैन असती तर तो त्या दिवशीच संपला असता.

अलीकडे आपल्या शहराने दोन मोठे समारंभ पाहिले. २०१७ च्या एप्रिलमध्ये जयंत सावरकरांच्या अध्यक्षतेखाली ९७ वे अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन येथे भरले. २०२० च्या जानेवारीत, १० ते १२ तारखांना, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या अध्यक्षतेखाली ९३ वे साहित्यसंमेलन झाले. साहित्यनगरीला नाव होते संत गोरोबाकाकांचे, आणि अध्यक्षस्थानी होते ख्रिस्ती धर्मगुरू. कुंभाराच्या नावाच्या नगरीत हे घडले, हे आपल्या गावाला शोभणारेच झाले. त्यानंतर २०२३ साली शहराला त्याचे जुने धाराशिव हे नावही परत मिळाले.

परंतु संमेलन पाहुण्यासारखे असते. येते आणि जाते. दरवर्षी आपल्या घरी राहणारे आहे ते स्नेहसंमेलन. त्याची स्थिती काय आहे? फाटकावर ओळखपत्र पाहतात आणि गावाला आत घेत नाहीत. सुरक्षिततेची अडचण मी समजू शकतो. मात्र आत काय चालते तेही पाहा. बऱ्याच ठिकाणी बाहेरचा वाद्यवृंद पैसे देऊन आणतात, किंवा ध्वनिमुद्रित गाण्यावर पावले टाकतात. मंचावर दहा मुले आणि खाली हजार प्रेक्षक. विण्याचा पहारा कोणाच्याच वाट्याला येत नाही. सप्ताहाचे दिवस आपण घेतले, पहारा मात्र घ्यावयाचा विसरलो.

याला उपाय फार खर्चाचा नाही. आठवड्यातील एक संध्याकाळ गावासाठी मोकळी ठेवावी. त्या संध्याकाळी तुळजापूरच्या गोंधळ्याने विद्यार्थ्यांना संबळ कसा धरावा ते दाखवावे, येथल्या उरुसातील कव्वालाने गावे आणि विद्यार्थ्यांनी आपली एकांकिका आपल्याला दाखवावी. ती कच्ची असेल तर कच्ची असो.

कच्चेपणाची गोष्ट निघालीच आहे, तर तेरची आख्यायिका आठवते. गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली असता काकांनी थापटणे घेऊन प्रत्येकाचे डोके तपासले, कोणते मडके भाजले आणि कोणते कच्चे. नामदेव रागावले आणि कच्चे ठरले. आपण ही गोष्ट नामदेवांच्या फजितीसाठी सांगतो. पण कच्चे ठरलेल्या नामदेवांना कोणी त्या घराबाहेर काढले नाही. उलट पुढे पक्के होण्याची वाट त्यांना तेथेच सापडली. आपल्या जिल्ह्यातील पोरांची मडकी तपासावयास त्यांचा मंच आहे. थापटणे हाती घेऊन तेथे बसणारे वडीलधारे मात्र आपण पुरवले पाहिजेत. पुढच्या हिवाळ्यात ध्वनिक्षेपकाचा आवाज आला की खिडकी लावू नका. फाटकाशी जा आणि आत येऊ का म्हणून विचारा.