गाजरगवताचे आगमन : लोकसमज आणि कालक्रम

प्रस्तावना :
पडीक जमिनी, रस्त्यांच्या कडा आणि शेतांचे बांध व्यापणारे गाजरगवत 'पी.एल. ४८०' करारान्वये आलेल्या अमेरिकन गव्हातून भारतात आले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. 'काँग्रेस गवत' हे नावही याच समजाशी जोडले जाते. प्रस्तुत लेखात हा समज कालक्रमाच्या कसोटीवर तपासला आहे.

कालक्रमाचा पुरावा :
मूळची उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील ही वनस्पती १९५५ मध्ये पुण्यात आढळली. १९५६ मध्ये आर. एस. राव यांनी भारतातील नवीन वनस्पती म्हणून तिची नोंद केली. भारताशी पी.एल. ४८० चा पहिला करार मात्र ऑगस्ट १९५६ मधील आहे. म्हणजेच करारापूर्वीच गवत रुजले होते. तथापि, अमेरिकन धान्य १९५१ च्या अन्नसाहाय्य कायद्यान्वयेही आले होते. त्यामुळे धान्याचा मार्ग नाकारता येत नाही. कराराचे नाव तेवढे चुकते. शिवाय रॉक्सबर्ग यांच्या १८१४ च्या 'हॉर्टस बेंगालेन्सिस'मध्ये या वनस्पतीचा उल्लेख असून देहरादूनच्या वन संशोधन संस्थेच्या संग्रहात १८८० चा नमुना आहे. यावरून वनस्पतीचे आगमन आणि तिचा प्रसार या दोन स्वतंत्र घटना ठरतात.

नियंत्रणाचे प्रयत्न :
एका झाडापासून हजारो हलकी बिया तयार होतात. वाहनांची चाके, शेणखत, वाहते पाणी व बांधकामाची माती यांद्वारे त्या दूरवर जातात. १९८३ मध्ये मेक्सिकोतून 'झायगोग्रामा बायकोलोराटा' हा भुंगेरा आणून १९८४ मध्ये बंगळूर येथे सोडण्यात आला. तो पावसाळ्यात पाने फस्त करतो. कोरड्या काळात मात्र जमिनीत सुप्तावस्थेत राहतो आणि गवत पुन्हा वाढते. त्यामुळे फुलोऱ्यापूर्वी उपटणे हा उपाय महत्त्वाचा राहतो. या गवताच्या स्पर्शाने त्वचारोग व परागकणांनी श्वसनविकार उद्भवतात. खुरपणी बहुतांशी स्त्रिया करतात आणि उघड्या हातांनी करतात. या इतिहासाची खरी किंमत त्यांनीच मोजली आहे.

निष्कर्ष :
परकीय जहाजावर दोष ठेवणारी कथा सोयीची आहे, कारण ती देशांतर्गत प्रसाराची जबाबदारी झाकते. गवत कोणी आणले यापेक्षा ते कोणत्या मार्गांनी पसरू दिले गेले, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने अधिक गांभीर्याने विचारला पाहिजे. नियंत्रणाची दिशाही त्याच उत्तरातून मिळते.