उद्दिष्टें आणि अनुदान

विद्यार्थ्याला काय यावें हें आधीं नेमक्या शब्दांत लिहून ठेवावें, या मताशीं कोणी भांडणार नाहीं. पण असें लिहिलेलें पुढें कोणाच्या हातीं जातें, हेंही पाहिलें पाहिजे.

इंग्लंडांत १८६२ सालीं शिक्षणखात्याचा कारभार पाहणाऱ्या रॉबर्ट लो यांनीं सरकारी अनुदान घेणाऱ्या प्राथमिक शाळांसाठीं सहा इयत्ता आंखून दिल्या. पहिलींतील मुलाला २० पर्यंतचे आंकडे ओळखतां व मांडतां यावेत. सहावींतील मुलाला वर्तमानपत्रांतील साधा उतारा वाचतां यावा. याहून स्पष्ट उद्दिष्टें तीं कोणतीं? परंतु वाचन, लेखन व गणित यांपैकीं ज्या विषयांत मूल नापास होई, त्या प्रत्येकामागें शाळेच्या अनुदानांतून २ शिलिंग ८ पेन्स कापले जात. मग मुलें पाठ्यपुस्तकच मुखोद्गत करूं लागलीं. कवि मॅथ्यू आर्नल्ड हे स्वतः शाळातपासनीस. त्यांनीं या पद्धतीवर आरंभापासून कडक टीका केली. तरी ती १८९० पासून मोडूं लागली व १८९७ पर्यंत संपली.

उद्दिष्टांची स्पष्टता शिक्षकाला उपकारकच असते. तिच्यावर त्याची भाकरी टांगली, कीं तो मुलाकडे पाहावयाचें सोडून परीक्षकाकडे पाहूं लागतो.