दौंड-मनमाड रस्ता आणि रुळांची रुंदी

बंगळूरहून दिल्लीला जाणारी कर्नाटक एक्सप्रेस सोलापूर, दौंड, नगर, मनमाड अशी वाट काढते. नगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, लोक ती रोज पाहतात; त्यात नवल असे कोणास वाटत नाही. वस्तुतः ही वाट मोकळी राहिली ती १८७८ पूर्वी झालेल्या एका निर्णयामुळे.

संगणकाच्या व्यवहारात सर्व्हरवरील आवृत्ती एक आणि क्लायंटवरील दुसरी झाली, की दोन्ही यंत्रे धडधाकट असूनही त्यांचे बोलणे खुंटते. आगगाडीच्या इतिहासात हाच पेच रुळांच्या रुंदीने पाडला. मुंबईहून भुसावळकडे आणि रायचूरकडे गेलेले जी. आय. पी. कंपनीचे रस्ते साडेपाच फूट रुंदीचे. पुढे १८७० साली, लॉर्ड मेयोच्या कारकिर्दीत, खर्च वाचावा म्हणून सरकारने नव्या रस्त्यांसाठी एक मीटरची रुंदी पसंत केली.

दौंड-मनमाड रस्ताही सरकारीच. १८७६-७८ च्या दुष्काळात तो बांधला गेला. दुष्काळी कामावरील मजुरांनी त्याच्या भरावाची माती वाहिली. मुलूख कोरडा, मालाची आवक बेताची. काटकसरीचा नियम येथे लावला असता तर कोणी हरकत घेतली नसती! तरीही रूळ साडेपाच फुटीच पडले. आमच्या मते याचे कारण नगर जिल्ह्यात शोधू नये, ते दोन्ही टोकांना आहे. बोरघाट व थळघाट टाळून एका शाखेवरची गाडी दुसरीवर नेणे, एवढ्यासाठीच तर हा रस्ता होता. टोकांशी न जुळणारा दुवा स्वस्त असून काय उपयोग?

याचा पडताळा पाहावयास फार दूर जावे लागत नाही. १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यातून आलेला हैदराबाद-गोदावरी व्हॅली रस्ता मनमाडलाच येऊन मिळाला. पण तो मीटर रुंदीचा. वाघिणी शेजारी शेजारी उभ्या राहत, पण एकीची चाके दुसरीच्या रुळांवर बसत नसत. मराठवाड्याचा कापूस असो की उत्तरेचा गहू, प्रत्येक पोते हमालाच्या पाठीवरून या वाघिणीतून त्या वाघिणीत जाई. वेळ जाई, सांडलवंड होई, हमालीचा आकार मालावर चढे. १८९९-१९०० च्या दुष्काळात मात्र उत्तरेकडून आलेली धान्याची वाघीण न उतरवता थेट नगरच्या धक्क्याला लागू शकत होती. १८७६ साली नगरला रेल्वेच नव्हती. धान्य येई ते बैलगाडीने, आणि दुष्काळात बैलांनाही चारा लागतोच.

मनमाड-औरंगाबाद टप्पा रुंद झाला तो १९९२ साली. पुढचे टप्पे त्यानंतर एकेक करून झाले. नव्वदएक वर्षे मनमाडच्या आवारात दोन रुंद्यांचे रूळ जवळजवळ नांदले, आणि त्यांच्यामधल्या अंतरावर कित्येक हमालांची घरे चालली.