पावणे एमआयडीसीतला फिरणारा घन

मागच्या भागात आपण फ्लॉपीबद्दल बोललो, तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं की स्क्रीन सेव्हर म्हणजे नेमकं काय, आणि तो स्क्रीनला कशापासून वाचवायचा? प्रश्न रास्त आहे. तुमच्या हातातला फोन तीस सेकंदांत स्वतःच काळा होतो, त्यात वाचवायचं काय?

तर चला, १९९७ साली. ठिकाण पावणे. ठाणे-बेलापूर रोडवरून आत वळलं की ट्रक, केमिकलचा वास आणि रांगेनं पत्र्याच्या शेड. ट्रान्स ठाणे क्रीक, म्हणजे टीटीसी औद्योगिक पट्ट्याचा हा भाग. त्यातल्या एका भाड्याच्या शेडमध्ये माझे बाबा पंपाचे सुटे भाग बनवायचे. मी तेव्हा वाशीत सहावीत होतो. शनिवारी शाळा अर्धा दिवस, मग डबा घेऊन थेट शेडवर. आई म्हणायची, अभ्यास कर. मी म्हणायचो, कॉम्प्युटर शिकतोय.

कॉम्प्युटर म्हणजे लॅमिंग्टन रोडवरून जोडून आणलेलं ४८६ एसएक्स. त्यावर १४ इंची मॉनिटर, तोही कृष्णधवल. रंगीत घ्यायला पैसे कोणाकडे होते! विंडोज ३.१ त्यावर राखाडी दिसायचं. पण ते फक्त मी उघडायचो. बाकी दिवसभर डॉसमधलं हिशेबाचं पॅकेज चालू. वर मेन्यू, खाली खतावणीचे उभे रकाने, सकाळी नऊपासून रात्री आठपर्यंत. (इथे रेकॉर्डिंगमध्ये ट्रकचा हॉर्न आलाय. तो मुद्दाम ठेवलाय, हा भाग मी त्याच रस्त्यावर उभा राहून रेकॉर्ड केला.)

आता थोडं विज्ञान. जुन्या मॉनिटरच्या काचेला आतून फॉस्फरचा थर असायचा. मागून इलेक्ट्रॉनचा झोत आदळला की तो चमकतो. एकच अक्षर महिनोन्‌महिने एकाच जागी चमकत राहिलं, तर तिथला फॉस्फर थकतो, म्हणजे कायमचा मंद होतो. मग दुसरं काहीही उघडा, जुन्या अक्षरांचं भूत मागे दिसतंच. यालाच बर्न-इन म्हणतात. त्यावर एक उतारा काढला जॉन सोचा या प्रोग्रामरनं. डिसेंबर १९८३मध्ये त्याचा छोटासा प्रोग्राम एका अमेरिकन मासिकात छापून आला. तीन मिनिटं कोणी कळ दाबली नाही की स्क्रीन काळी. बस्स, एवढंच. (पुढे नॉर्टन कमांडरही यानंच लिहिला.)

काळा पडदा खरं तर पुरेसा होता. पण माणसाला काळा पडदा बघवत नाही. १९८९मध्ये आफ्टर डार्क आलं, त्यात पुढे पंख लावलेले टोस्टर उडायला लागले. १९९२च्या विंडोज ३.१मध्ये तारे धावायला लागले. मशीनची गरज संपली आणि आपली करमणूक सुरू झाली, असं माझं मत आहे. तुमचं वेगळं असेल तर कळवा.

माझ्या आतेभावानं कुठल्याशा मासिकाच्या सीडीवरून एक स्क्रीन सेव्हर फ्लॉपीवर उतरवून दिला. वायरफ्रेम. म्हणजे वस्तूचा नुसता सांगाडा, तारेचा आकाशकंदील असतो ना कागद चिकटवायच्या आधी, तसा. काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेषांचा घन, मग पिरॅमिड, मग विमान, हळूहळू फिरणारं.

सांगाडाच का? कारण मशीन गरीब होतं. घनाला कोपरे ८ आणि कडा १२. प्रोग्रामला फक्त आठ बिंदू थोडे थोडे फिरवायचे, लांबचा बिंदू मध्याकडे ओढायचा, आणि बारा रेषा मारायच्या. पृष्ठभाग रंगवायचा तर हजारो ठिपके भरावे लागले असते. ४८६ एसएक्समध्ये अपूर्णांकांची गणितं करणारा वेगळा भागच नव्हता, म्हणून असे प्रोग्राम साइन-कोसाइनचे तक्ते आधीच करून ठेवायचे आणि पूर्णांकांवर भागवायचे. रेषा मारायची युक्ती तर आणखी जुनी, आयबीएममधल्या जॅक ब्रेझनहॅमची, १९६२ सालची. तीत फक्त बेरीज-वजाबाकी. आधीची रेषा काळ्यानं पुसायची, पुढची पांढऱ्यानं काढायची. त्यामुळे आमचा घन फिरताना किंचित लुकलुकायचा, आणि मला वाटायचं तो श्वास घेतोय.

शेडमध्ये ड्रॉइंगवाले काका होते. आयटीआयचे ड्राफ्ट्समन, पन्नाशीच्या पुढचे, ड्रॉइंग बोर्डावर टी-स्क्वेअर घेऊन उभे राहणारे. बाबांच्या मनात तेव्हा ऑटोकॅडचं घोळत होतं, आणि काकांना ते माहीत होतं. एका शनिवारी घन फिरत असताना ते मागे येऊन थांबले. बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "बाळा, ह्यातली पुढची बाजू कुठली?"

मी बोट ठेवलं. ते म्हणाले, "नीट बघ." बघितलं, तर घन उलटा झाला! मागची बाजू पुढे, आणि फिरणंही उलट दिशेनं. काका म्हणाले, "लपलेली रेषा तुटक काढायची असते. ह्यानं सगळ्याच सारख्या काढल्यात. असं ड्रॉइंग खाली पाठवलं तर टर्नर भोक उलट्या बाजूला पाडेल."

पुढे कॉलेजात कळलं की लुई आल्बेर नेकर या स्विस माणसानं १८३२ सालीच हे लिहून ठेवलंय. नुसत्या कडांचं चित्र डोळा दोन्ही तऱ्हांनी वाचू शकतो. काकांनी नेकरचं नाव ऐकलं नव्हतं. त्यांनी मला घन थांबवायला सांगितलं, त्यांना तो कागदावर उतरवायचा होता. पण स्क्रीन सेव्हर थांबवायला माऊस हलवला की तो जातो, हीच तर त्याची गंमत. मग ते आठवणीतून काढत बसले, मागच्या तीन कडा तुटक.

हा स्क्रीन सेव्हर शेअरवेअर होता. वापरून बघा, आवडला तर पैसे पाठवा. १९८२च्या सुमारास अमेरिकेत अँड्र्यू फ्लुगेलमन आणि जिम नॉफ यांनी वेगवेगळ्या प्रोग्रामसाठी ही पद्धत सुरू केली. आमच्या घनाच्या खाली दर थोड्या वेळानं पाटी यायची, १० डॉलर पाठवा, आणि एक पत्ता. डॉलर तेव्हा ३६ रुपयांच्या आसपास, म्हणजे साधारण ३६० रुपये. मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "बंद पडलाय का?" नाही म्हटलं. "मग कशाला?" परकीय चलनावर अजून १९७३च्या फेरा कायद्याचा अंमल होता, बँकेत जाऊन दहा डॉलरचा ड्राफ्ट मागायचा, हे शेडवाल्या माणसाला हास्यास्पदच वाटणार. पण खरं सांगू, अडचण फक्त कायद्याची नव्हती. आमच्याकडे कुणाला ते देणं वाटतच नव्हतं. मलाही नाही.

उलट मी मिरवत होतो. बाबांना छातीठोक सांगितलं, आता मॉनिटर खराब होणार नाही, सेव्हर टाकलाय.

आणि इथे माझी चूक. विंडोज ३.१चा स्क्रीन सेव्हर फक्त विंडोजमध्ये जागा व्हायचा. समोर डॉसचा प्रोग्राम उघडा असला की तो येतच नाही. हिशेब डॉसमध्ये. म्हणजे आठवड्यातले साडेपाच दिवस मॉनिटर उघडाच, आणि मी शनिवारी दोन तास घन फिरवून समाधानी. त्यात माझ्या शब्दावर विसंबून बाबांनी जेवायला जाताना मॉनिटर बंद करायची सवयसुद्धा सोडली होती.

१९९८च्या दिवाळीच्या साफसफाईत लक्षात आलं. बंद काचेवर उजेड तिरका पडला की खतावणीचे रकाने दिसत होते. चालू केल्यावर विंडोजच्या पांढऱ्या पानावर काळपट मेन्यू. बाबा रागावले नाहीत. नवीन मॉनिटर किती, एवढंच विचारलं, आणि कॅडचा विषय आणखी वर्षभर पुढे ढकलला. काकांना ते वर्ष मिळालं. नंतर ड्रॉइंगचं काम महापेला जॉबवर्कला जाऊ लागलं आणि काका ठाण्याला दुसरीकडे लागले. बोर्ड इथेच राहिला, त्यावर आम्ही पॅकिंगचे खोके ठेवायचो.

तुमच्यापैकी ज्यांच्याकडे ओलेड स्क्रीनचे फोन आहेत, त्यांनी आज रात्री एक बघा. बंद स्क्रीनवर घड्याळ दिसत राहतं ना? ते एका जागी नसतं. दर थोड्या वेळानं गुपचूप किंचित सरकतं. कारण तेच, १९८३चंच.

ती फ्लॉपी माझ्याकडे आहे, पण वाचता येत नाही, बुरशी लागलीय. पाटीवरचा पत्ताही आठवत नाही. कुणाकडे फ्लॉपी ड्राइव्ह चालू असेल तर कळवा, पावणे ते पनवेल कुठेही येतो.